सुवर्णपदकाचे दान : एमिल झातोपेक यांचे स्मरण

यश मिळविणे कठीण, असे सर्वच सांगतात. मिळालेले यश पचविणे त्याहून कठीण, हेही वारंवार सांगितले जाते. परंतु स्वतःच्या यशातील वाटा आनंदाने दुसऱ्याच्या पदरात घालणे ही या दोहोंपलीकडची पायरी होय, आणि तेथवर पोहोचणारी माणसे विरळा. चेकोस्लोव्हाकियाचे विख्यात धावपटू एमिल झातोपेक हे अशा विरळ माणसांपैकी एक होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत एका दूरदेशीच्या खेळाडूचे चरित्र कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर चरित्रातूनच मिळेल, अशी आमची खात्री आहे.

झातोपेक यांचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी मोराव्हिया प्रांतातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरची स्थिती बेताची असल्याने सोळाव्या वर्षीच एमिल झ्लीन येथील बाटांच्या जोड्यांच्या कारखान्यात कामास लागला. हे बाटा म्हणजे ज्यांचे जोडे पुढे आपल्याकडेही घरोघरी पोहोचले तेच. एके दिवशी कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने चार पोरांना शर्यतीत धावण्याचा हुकूम केला. एमिलने आपण अशक्त असल्याची सबब सांगितली. तेव्हा त्याला डॉक्टरांकडे धाडण्यात आले आणि डॉक्टरांनी प्रकृती ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला! नाइलाजाने तो धावला, आणि शंभर जणांत दुसरा आला. पळू लागताच जिंकण्याची इच्छा मनात जागी झाली, असे ते पुढे सांगत.

महायुद्ध संपल्यावर झातोपेक सैन्यात दाखल झाले. त्यांची धावण्याची ढब कोणी वाखाणावी अशी नव्हती. मान एका बाजूस कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, श्वासाचा मोठा आवाज. पाहणाऱ्यास वाटावे की हा गृहस्थ आता कोसळणार. परंतु या बेढब धावण्यामागे कठोर साधना होती. ४०० मीटरचे अंतर वेगाने तोडावयाचे, थोडे सावकाश पळून दम घ्यावयाचा आणि पुन्हा तेच करावयाचे, असे ते एकेका दिवसात वीस-वीस वेळा आणि पुढे त्याहूनही कितीतरी अधिक वेळा करीत. जड लष्करी बूट घालून बर्फातही त्यांचा सराव चाले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरची शर्यत त्यांनी २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत जिंकली. ५,००० मीटरच्या शर्यतीत मात्र बेल्जियमच्या गास्तों रीफ यांनी त्यांना अवघ्या ०.२ सेकंदाने मागे टाकले. त्याच वर्षी भालाफेकपटू दाना इंग्रोव्हा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. योगायोग असा की, पतिपत्नींची जन्मतारीख आणि जन्मवर्ष एकच होते!

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकने त्यांचे नाव अमर केले. परंतु त्या पराक्रमाआधी घडलेली एक गोष्ट आमच्या मते पदकांहून मोठी आहे. स्तानिस्लाव युंगविर्त या तरुण धावपटूचे वडील राजकीय कारणावरून तुरुंगात होते, म्हणून सरकारने मुलाचे नाव संघातून वगळले. झातोपेक यांनी निक्षून सांगितले की, युंगविर्त येणार नसेल तर मीही जाणार नाही. आणि खरोखरच ते संघाच्या विमानात बसले नाहीत. सैन्यातील नोकरी, हुकूमशाही राजवट आणि ऐन उमेदीतील ऑलिंपिक, एवढे सारे त्यांनी पणास लावले. अखेर सरकारला नमावे लागले व दोघेही हेलसिंकीस गेले. हाच युंगविर्त १९५७ साली १,५०० मीटरचा जागतिक विक्रमवीर झाला.

हेलसिंकीत झातोपेक यांनी २० जुलैस १०,००० मीटर आणि २४ जुलैस ५,००० मीटर या शर्यती जिंकल्या. त्याच २४ तारखेस दाना यांनीही भालाफेकीत सुवर्णपदक पटकाविले. मग जन्मात कधी न धावलेल्या मॅरॅथॉनमध्ये त्यांनी नाव घातले. वाटेत त्यांनी ब्रिटनचे नामांकित धावपटू जिम पीटर्स यांस, ही गती ठीक आहे ना, असे विचारले. पीटर्स यांनी थट्टेने सांगितले की, फार मंद आहे. झातोपेक यांनी ते खरे मानून वेग वाढविला! पीटर्स यांना शर्यत सोडावी लागली आणि झातोपेक २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत पहिले आले. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा धावपटू अद्याप झालेला नाही.

याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे आपणांस अभिमानाने आठवते. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमविली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदकावर नाव एकाचे असते. त्यामागे हात अनेकांचे असतात.

१९५४ साली झातोपेक यांनी १०,००० मीटरचे अंतर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत तोडले. २९ मिनिटांच्या आत धावणारे ते पहिलेच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकआधी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती; मॅरॅथॉनमध्ये ते सहावे आले. पहिले आले ते फ्रान्सचे अलँ मिमून. याच मिमून यांनी झातोपेक यांच्यामागे वारंवार दुसरा क्रमांक सोसला होता. ते शर्यत संपवून आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत उभे होते. झातोपेक यांनी टोपी काढून त्यांस सलामी दिली व कडकडून मिठी मारली. हे आलिंगन मला पदकाहून मोलाचे वाटते, असे मिमून पुढे सांगत.

त्या मेलबर्न ऑलिंपिकची ज्योत रॉन क्लार्क या तरुण ऑस्ट्रेलियन धावपटूने पेटविली होती. या क्लार्क यांनी पुढे अनेक जागतिक विक्रम मोडले; परंतु ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाने त्यांना नेहमी हुलकावणी दिली. १९६४ साली टोकियोत १०,००० मीटरच्या शर्यतीत त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९६६ साली ते प्रागला धावण्यास आले असता झातोपेक यांनी त्यांचे मनापासून आतिथ्य केले. निरोप घेताना त्यांनी क्लार्क यांच्या हाती एक लहानसे पुडके ठेवले आणि, ही मैत्रीखातर दिलेली भेट नव्हे, तुमची योग्यताच तेवढी आहे, अशा अर्थाचे काही सांगितले. परदेशी न्यावयाचा एखादा गुप्त निरोप असावा, असे क्लार्क यांस वाटले. पुडके उघडून पाहतात तो आत हेलसिंकीचे १०,००० मीटरचे सुवर्णपदक!

१९६८ साली त्यांच्या देशात स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले, तेव्हा झातोपेक यांनी उघडपणे सुधारणांची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले. पक्षातून आणि सैन्यातून त्यांची हकालपट्टी झाली आणि भूगर्भ-संशोधनाच्या तुकडीबरोबर गावोगाव जमिनीत भोके पाडण्याचे कष्टाचे काम त्यांच्या वाट्यास आले. १९७१ साली त्यांच्याकडून माघारीचे शब्दही वदवून घेण्यात आले. पोलादी छातीचा माणूसही अखेर माणूसच असतो. तेवढ्याने त्यांची थोरवी उणावते असे आम्ही मानीत नाही. १९९० साली त्यांस सन्मानाने निर्दोष ठरविण्यात आले. नोव्हेंबर २००० मध्ये ते प्राग येथे निवर्तले.

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात पहिल्या आलेल्या मुलांस शाल-श्रीफळ मिळते, ते योग्यच आहे. परंतु शाळेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, तेवढेच कष्ट करून एका गुणाने मागे राहिलेला मुलगा सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेला असतो. त्याच्या पाठीवर हात कोणी ठेवावयाचा? जो स्वतः पहिला आला आहे, त्यानेच. ज्यांनी एकेकाळी मंडळाची शिष्यवृत्ती घेतली आणि आज जे चांगल्या स्थितीत आहेत, त्यांनी दरवर्षी अशा एका तरी विद्यार्थ्याचा भार उचलावा. आणि हे करताना मुलाच्या बापाची ऐपत, त्याचे जुने तंटे किंवा त्याची थकलेली वर्गणी आड येऊ देऊ नये. बापाच्या खात्यावरून मुलाची किंमत ठरवू पाहणाऱ्या सत्तेपुढे झातोपेक एकटे उभे राहिले होते. आपणांस तर विमान सोडावयाचे नाही. केवळ यादीत एक नाव वाढवावयाचे आहे.