काठावरून येणारा श्वास

कळव्याच्या पुलाखाली बुडालेल्याचे शोधकार्य सुरू झाले की कठड्यापाशी गर्दी जमते आणि थोड्याच वेळात प्रश्न येतो, "अजून कसा सापडत नाही?" खाडीच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हातही दिसत नाही. तो गाळ चाचपत, बोटांनी शोधतो. वाटेत फाटकी जाळी, तारा, पुलाचे खांब. या कामाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाचे या पुस्तकात स्वागत आहे.

हवेच्या हिशेबापासून सुरुवात करू. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. जाळ्यात पाय अडकून धाप लागली तर त्याहून कितीतरी जास्त. हवा काठावरूनच पुरवली तर हवा संपण्याची ही टांगती तलवार दूर होते. हवेची नळी, बोलण्याची तार, खोली सांगणारी बारीक नळी आणि ओढ सोसणारी दोरी एकत्र बांधून खाली सोडतात. चेहरा पूर्ण मुखवट्यात असल्याने सांडपाणी नाकातोंडात जात नाही. पाठीवर छोटा सिलिंडर असतो, तो आणीबाणीसाठी. काठावर दुसरा पाणबुडा तयारीत बसलेला हवाच. आणि कॉम्प्रेसरची हवा ओढणारी बाजू जनरेटरच्या धुराकडे नाही ना, हे वारा फिरला की पुन्हा पाहावे लागते.

लंडनच्या ऑगस्टस सीबे यांनी 1830 च्या दशकात काठावरून हवा घेणारा शिरस्त्राणाचा पोशाख घडवला. पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे शास्त्र शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1908 मध्ये मांडले. म्हणजे विद्या जुनीच. पण या साधनांच्या मांडणीला वेळ लागतो, नळी खांबाला अडकू शकते. म्हणून बुडत्याला वाचवायला दोर, होडी आणि पट्टीचे पोहणारेच आधी हवेत. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, तेव्हा नौदलाच्या पाणबुड्यांनाही पुराच्या ओढीपुढे कित्येक दिवस झगडावे लागले. अशा वेळी घाई हा पाणबुड्याचा सर्वांत मोठा शत्रू, असे माझे ठाम मत आहे.

कळव्यात उधाणाची ओढ जबर, भांगाच्या भरतीला ती कमी. हे कोळ्यांना विचारा, मग वेळापत्रक आखा. पाण्यात न उतरणाऱ्यांनीही पुढची प्रकरणे वाचावीत. दोरी धरणाऱ्याने तर सर्वांत आधी.