लेड झेपेलिन : स्वयंभू की उसनवार?

कलेच्या इतिहासात एक वाद पुनःपुन्हा उपस्थित होतो. अमुक कलावंत स्वतंत्र प्रतिभेचा, की दुसऱ्याच्या भांडवलावर पेढी चालवणारा? लेड झेपेलिन या इंग्रज बँडविषयी हा वाद विशेष रंगलेला आहे. १९६८ साली लंडनमध्ये जिमी पेज, रॉबर्ट प्लँट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम या चौघांनी तो उभारला आणि बॉनमच्या मृत्यूनंतर १९८० साली तो विसर्जित झाला. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. भक्तांच्या मते हे संगीत स्वयंभू. निंदकांच्या मते सारी चोरी. आपण दोघांनाही क्षणभर बाजूस बसवू आणि पुरावा पाहू.

प्रथम आरोप. बँडची पहिली ध्वनिमुद्रिका जानेवारी १९६९ मध्ये निघाली. तीतील दोन गीतांवर शिकागोचे कृष्णवर्णीय गीतकार विली डिक्सन यांचे नाव रीतसर छापलेले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तीतील ‘होल लॉटा लव्ह’ या गीतावर मात्र केवळ बँडमधील चौघांची नावे. वस्तुतः त्यातील कित्येक शब्द डिक्सन यांच्याच, मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायिलेल्या ‘यू नीड लव्ह’ या गीतातले! जानेवारीत ज्याचे नाव ठाऊक होते, तो ऑक्टोबरात अनोळखी कसा झाला? डिक्सन यांनी १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली आणि पुढे त्यांचे नाव गीतावर आले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ची कथाही अशीच. जेक होम्स यांनी ते १९६७ साली ध्वनिमुद्रित केले होते; बँडने त्यावर पेज यांचे नाव घातले. २०१० साली होम्स न्यायालयात गेले आणि तेथेही तडजोडच झाली.

आता बचाव. ब्लूज हे मुळात सामाईक रान होते. मिसिसिपीच्या परिसरातील गायक एकमेकांच्या ओळी आणि चाली निःसंकोच उचलीत. हे खरे आहे. परंतु त्या रानात सारेच सारखे निर्धन होते. बाजारात स्वामित्वधन मिळू लागले, की नाव गाळणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेणे होय.

तथापि प्रत्येक आरोप खरा मानणे हाही अन्यायच. ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) हे गीत स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’ (१९६८) या रचनेवरून घेतले, असा दावा झाला. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने तो फेटाळला आणि २०२० साली अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तो निकाल कायम केला. पायरी पायरीने उतरणारी तशी स्वरपंक्ती पाश्चात्त्य संगीतात शतकानुशतके रुळलेली आहे. ती कोणा एकाची इस्टेट नव्हे.

मग या बँडचे स्वतःचे काय? ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ पाहा. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरील हे गीत कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ साली गिटारांच्या साथीवर ध्वनिमुद्रित केले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आवृत्तीसाठी बँडने हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. त्यातून जो घनगंभीर, घुमणारा ठोका निघाला, तो मूळ गीतात कोठेही नाही. पुढच्या पिढ्यांनी तो ठोकाच उचलून आपल्या गीतांत वापरला. विशेष हे, की येथे चौघांच्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचेही नाव छापले गेले आणि त्याने बँडचे तेज रतिभरही उणे झाले नाही.

आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गीत नोंदवण्याचा प्रघात होता. त्यामुळे अण्णासाहेब किर्लोस्करांना कोणी उसनवार ठरवले नाही. ऋण मान्य केले म्हणजे प्रतिभा मोकळेपणाने दिसते.

तेव्हा निवाडा असा : नादाच्या बाबतीत लेड झेपेलिन स्वतंत्र होते, शब्द आणि चाली यांच्या बाबतीत अनेकदा ऋणाईत. दोष ऋण काढण्यात नव्हता, तो खतावणीतून सावकाराचे नाव खोडण्यात होता. ती खतावणी दुरुस्त करण्यास विली डिक्सन यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही नोंद त्या संगीतावर प्रेम करणाऱ्यानेही विसरता कामा नये.