बरोबरीच्या बोलीचा हक्क

महाड-पोलादपूरकडच्या गावांत कबड्डीचा संघ बहुधा गावदेवीच्या नावाने उतरतो आणि खेळाडू गावाचा असतो. पोटापाण्यासाठी तो मुंबईला गेला, तरी सणाला परतल्यावर कोणाकडून खेळायचे हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. या आपलेपणाचा करार कुणी लिहून ठेवलेला नसतो. व्यावसायिक खेळात मात्र ‘हा खेळाडू आमचा’ या वाक्याला कायदेशीर अर्थ येतो. तो अर्थ कसा बदलत गेला, हे शब्दांच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये पूर्वी करार संपला तरी तो वाढवण्याचा अधिकार संघाकडेच राहत असे. १९७० मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान दिले. १९७६ च्या तडजोडीने ती एकतर्फी मुदतवाढ गेली. पण मालकी एकदम सुटली नाही, तिने रूप पालटले. आधी खेळाडू नेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यावी असे ठरले. पुढे भरपाईच्या जागी बरोबरीच्या बोलीचा हक्क आला. १९८८ मध्ये मुरलेल्या खेळाडूंना संपूर्ण मुक्तता मिळाली, तरुणांच्या वाट्याला मात्र ‘मर्यादित मुक्तता’च राहिली.

या शब्दप्रयोगातला अंतर्विरोध गमतीचा आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा पहिला करार संपला की जुना संघ त्याच्यापुढे एका वर्षाचा ठरीव प्रस्ताव ठेवतो आणि त्या बळावर आपला हक्क राखतो. खेळाडू बाजारात हिंडू शकतो, दुसऱ्या संघाच्या प्रस्तावावर सहीही करू शकतो. पण जुन्या संघाने ठरलेल्या मुदतीत तेवढीच रक्कम कबूल केली, की त्याला जुन्याच घरी परतावे लागते. हे नको असेल, तर त्या ठरीव रकमेवर एक वर्ष काढून पुढे पूर्ण मोकळे व्हायचे. दुखापतीचा धोका ज्याचा त्याने पत्करायचा. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या संघाचा पैसा अडकून पडतो, म्हणून प्रस्ताव देतानाच पुष्कळ संघ कचरतात. आमच्या मते या हक्काची खरी ताकद इथे आहे. तो न वापरताही काम करतो.

२०१२ मध्ये एरिक गॉर्डन याने फिनिक्स संघाच्या चार वर्षांच्या, सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरच्या प्रस्तावावर सही केली आणि आपले मन फिनिक्सकडे असल्याचे उघडपणे सांगितले. न्यू ऑर्लिन्सने तेवढीच रक्कम मान्य केली. गॉर्डनला पैसे मिळाले, गाव मिळाले नाही.

आपल्याकडे करारात अडकलेल्या कलावंताचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये ‘प्रभात’च्या दारात उपोषण केले आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. तारांकित नटीलाही कंपनीशी असे भांडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिच्या लिलावात ‘फायनल बिड मॅच’ हा नियम आला. नाव निराळे, तत्त्व ओळखीचे: शेवटची बोली लागल्यावर जुना संघ तेवढीच रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेऊ शकतो. २०१८ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने राहुल चौधरीला १ कोटी २९ लाखांना असेच राखले. एक फरक मात्र मोठा आहे. एनबीएमध्ये दुसऱ्या संघाच्या प्रस्तावावर निदान सही तरी खेळाडूचीच लागते. लिलावात बोली संघ लावतात आणि बरोबरीही संघच करतात.

मुंबईचा रिशांक देवाडिगा लीगच्या पहिल्या हंगामापासून यू मुंबाकडून खेळला आणि २०१७ मध्ये यूपी योद्धाकडे गेला. २०१८ च्या लिलावात त्याची बोली १ कोटी ११ लाखांवर थांबली, तेव्हा नियमाप्रमाणे यूपी योद्धाला विचारणा झाली. त्यांनी हक्क वापरला. रिशांकला विचारण्याची तरतूद त्या नियमात नव्हती.