कारखान्यानंतरचा हात

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या गावांतून बाहेर पडणाऱ्या गणेशमूर्तींपैकी बऱ्याच मूर्ती रंगाशिवायच जातात. कच्ची मूर्ती इथून जाते. रंग, डोळ्यांची आखणी, हिऱ्यांचे काम, फेटा आणि धोतर हे सारे घेणाऱ्याच्या गावी होते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती त्यामुळे अखेरीस दोन निराळ्या घरच्या होतात. वस्तू घडते कारखान्यात. ती कोणाची तरी होते ती मात्र कारखान्यानंतर. हाच नियम मोटारीच्या इतिहासातही दिसतो, आणि त्याकडे आपण फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही.

मूर्ती आणि मोटार यांचा संबंध केवळ कल्पनेतला नाही. आज जोह्याच्या कारखान्यांत कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन असते, तीच हत्यारे हायवेवरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात असतात. मोटारी एकेकाळी ब्रशाने रंगवत आणि त्या वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूको हा लवकर वाळणारा, फवारता येणारा रंग आला आणि रंग ही निवडीची गोष्ट झाली. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये गाडीचे रूप आणि रंग ठरवण्यासाठी स्वतंत्र विभागच काढला. ड्यूको हे एका रंगाचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते कामाचेच नाव झाले. मोत्याची झाक देणारी, अभ्रकाच्या कणांची रंगद्रव्ये आज महागड्या गाडीच्या बॉनेटवरही असतात आणि गणपतीच्या पितांबरावरही.

आपल्याकडे या सजावटीला खरा बहर आला तो टंचाईच्या काळात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तेव्हा फियाट किंवा ॲम्बॅसिडर यांपलीकडे निवड जवळजवळ नव्हती, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गाडी निवडता येत नव्हती, म्हणून लोक तिचे रूप निवडत. सीट कव्हरे, मागच्या काचेचे पडदे, जादा आरसे, चकचकीत व्हीलकॅप, डॅशबोर्डवरचा देव. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ या बाजारांना गाडीवाल्यांच्या या हौसेनेही पोसले. काळीपिवळी टॅक्सी तर बाहेरून कायद्याने एकसारखी. चालकाची आवड उमटे ती आतल्या छताच्या फुलाफुलांच्या रेक्झिनवर. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच ती रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर ती छतेही. गाडी जपून ठेवणारे भेटतात; छत शिवणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची ई-क्लास जुळू लागली आणि ‘आलिशान सेडान’ ही गोष्ट फक्त आयातीची राहिली नाही. आता निवड गाडीचीही होती आणि रूपाचीही. तरीही बदलाची हौस उलट वाढली. माझ्या मते कारण तेच: महागडी असली तरी ती साच्यातलीच. ॲलॉय व्हील, स्पॉयलर, क्रोमऐवजी काळी जाळी, मूळ रंगावर चढवायचा रॅप, हे सारे ‘ही माझी’ असे म्हणण्याचे मार्ग आहेत. त्याला भडक म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण लग्नातल्या जरीला आपण भडक म्हणत नाही.

मात्र रस्ता मालकाचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद लागते. बंपरपुढचे लोखंडी गार्ड एअरबॅगच्या सेन्सरला चकवू शकते, आणि चुकीचे सीट कव्हर सीटमधली एअरबॅग अडवू शकते. चाकाची रिम मोठी घेतली की टायरची भिंत पातळ होते. मुंबई-गोवा महामार्गावरचा एक खड्डा त्या हौसेचा हिशेब मागतो.

म्हणून निवडीची कसोटी मी मूर्तिकारांच्या शिस्तीतून घेतो. रंग अंगाला शोभेल असा, दागिना घडण झाकणार नाही असा, आणि डोळ्यांना हात सर्वांत जाणत्या कारागिराचा. गाडीचे डोळे म्हणजे दिवे आणि काचा; तिथे हौशी हात नको. बाकी अंगावर, झाकता-उतरवता येईल तेवढे, मालकाने खुशाल मिरवावे.

आज कंपन्याच रंगांच्या आणि सजावटीच्या लांबलचक याद्या देतात. निवड वाढली, पण ती कारखान्याच्या आतच राहिली. गॅरेजातला रंगारी, रेक्झिन शिवणारा, जुन्या जाळीला पॉलिश मारणारा यांचे काम हळूहळू आटते आहे. मोटारीचा इतिहास कंपन्यांच्या दप्तरात सापडेल. या माणसांचा सापडणार नाही. ती हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसणे, विचारणे आणि लिहून घेणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.