मानसिक आजाराच्या नोंदी आणि अमेरिकेतील बंदुकीचा हक्क

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या १७९१ मधील दुसऱ्या दुरुस्तीवर उभा आहे. मानसिक स्थितीच्या कारणावरून तो काढून घेणारा केंद्रीय कायदा मात्र १९६८ साली आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. न्यायालयाने वा अधिकृत मंडळाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेल्या व्यक्तीला बंदूक विकण्यास त्याने मनाई केली. केवळ निदानावरून किंवा औषधोपचारांवरून हक्क जात नव्हता. स्वेच्छेने दाखल होणाऱ्याला ही बंदी लागू नाही, हे १९९७ च्या नियमांनी स्पष्ट केले.

बंदी आली, पण पडताळणीची सोय नव्हती. आपल्यावर बंदी नसल्याचे ग्राहक छापील अर्जावर लिहून देई आणि दुकानदाराला तेवढ्यावरच विसंबावे लागे. ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. ब्रॅडी दांपत्याच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९९३ मध्ये त्यांच्या नावाचा कायदा मंजूर झाला. त्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची राष्ट्रीय पडताळणी यंत्रणा सुरू झाली. परवानाधारक दुकानदाराला तीन कामकाजी दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर विक्री पुढे नेण्याची मुभा त्याला राहिली.

यंत्रणेचा उपयोग तिच्यात असलेल्या नोंदींपुरताच होता. राज्यांच्या अधिकाऱ्यांना केंद्राने कामाला जुंपता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला होता, त्यामुळे नोंदी पाठवणे राज्यांच्या मर्जीवर राहिले. त्याची किंमत १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांनी प्राण गमावून मोजली. हल्लेखोर विद्यार्थ्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका असल्याचे ठरवून डिसेंबर २००५ मध्ये त्याला बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला गेला होता. रुग्णालयात दाखल करण्याचा आदेश नसल्याने राज्याने ती नोंद पाठवली नाही आणि पडताळणी पार करून त्याने दोन पिस्तुले विकत घेतली. जानेवारी २००८ मध्ये झालेल्या सुधारणा कायद्याने नोंदी पाठवणाऱ्या राज्यांना अनुदान देऊ केले. त्यासाठी बऱ्या झालेल्या व्यक्तीला हक्क परत मागता येईल अशी व्यवस्था करण्याची अटही घातली.

गोपनीयतेचा प्रश्न येथून तीव्र झाला. १९९६ च्या आरोग्यविमा कायद्याखालील नियम रुग्णाची माहिती परवानगीविना उघड करण्यास आडकाठी करतात. जानेवारी २०१६ मध्ये त्यांत मर्यादित सवलत दिली गेली. ज्या संस्था व्यक्तीला अक्षम ठरवण्याचे किंवा सक्तीने दाखल करण्याचे निर्णय घेतात किंवा त्यांच्या नोंदी जमवतात, त्यांना बंदी असलेल्याची ओळख कळवता येऊ लागली. निदान आणि उपचारांचा तपशील मात्र झाकलेलाच राहिला. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विश्वास जपण्यासाठी ही मर्यादा अत्यावश्यक होती. आपले बोलणे पोलिसांपर्यंत पोहोचेल या भीतीने माणूस उपचारच टाळू लागला, तर धोका कमी न होता वाढतो.

डिसेंबर २०१६ मध्ये सामाजिक सुरक्षा विभागाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मानसिक विकारामुळे अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या आणि तो दुसऱ्याच्या हाती सोपवाव्या लागणाऱ्या लोकांची नावे यंत्रणेला कळवायचे त्याने ठरवले. बंदूकधारकांच्या संघटनांबरोबर अपंगांच्या संघटना आणि नागरी स्वातंत्र्याचे पुरस्कर्तेही विरोधात उभे राहिले. पैशांचा हिशेब न जमणे म्हणजे हिंसक असणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये नियम रद्द झाला.

काही राज्यांनी वेगळी वाट धरली. कनेक्टिकटने १९९९ मध्ये आणि इंडियानाने २००५ मध्ये, प्रत्यक्ष धोकादायक वर्तन दिसल्यास न्यायालयाच्या आदेशाने बंदुका काही काळ काढून घेण्याची तरतूद केली. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने अशा उपायांना निधी दिला. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात आणि अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणून बंदीचा आधार आजाराचे नाव नव्हे, तर सुनावणीत सिद्ध झालेला धोका असावा, आणि धोका टळल्यावर हक्क परत मिळावा, हेच न्याय्य आहे.