खामकाठची पायवाट

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या समाजात साधारणतः दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक अभिमानाची, दुसरी तक्रारीची. अमुक बादशहाने अमुक इमारत बांधली हा अभिमान आणि आज ती कोणी विचारत नाही ही तक्रार. दोन्ही बोलणी घरात बसून होतात. त्या इमारतीपर्यंत चालत कोण गेले, असे विचारले तर मजलिस गप्प होते. म्हणून या लेखात राजघराण्यांच्या वंशावळीपेक्षा एका वाटेविषयी लिहायचे आहे. ही वाट खाम नदीच्या काठाकाठाने जाते. तिच्यापर्यंत पोहोचायला मोटार लागत नाही. शहर बसचे तिकीट आणि शाबूत पाय एवढे पुरे.

शहर आपल्या परिचयाचे आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या छोट्या वस्तीला निजामशाहीची राजधानी केली. त्याच्या मृत्यूनंतर, 1626 मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने तिचे नाव फतेहनगर ठेवले. 1653 मध्ये, दख्खनचा सुभेदार असताना, औरंगजेबाने तिला औरंगाबाद म्हटले. 2023 पासून शासनदरबारी तिचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. चारशे वर्षांत चार नावे झाली. प्रत्येक नावामागे सत्ता होती, भावना होती आणि वादही होते. परंतु नावांच्या या वादात एक गोष्ट मागे पडते. हे शहर येथे वसू शकले ते पाण्यामुळे, आणि ते पाणी कोणा एका जातीजमातीसाठी आणलेले नव्हते.

मलिक अंबरचा जन्म हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. 1612 चा भडकल दरवाजा त्या विजयाची आठवण म्हणून उभा आहे. पण अंबरचे खरे मोठेपण दरवाजात शोधण्यापेक्षा जमिनीखाली शोधावे. खाम ही पावसाळी नदी, उन्हाळ्यात तिचा भरवसा नाही. तेव्हा त्याने उत्तरेकडील डोंगरउतारावर जमिनीत बोगदे खोदून झिरपणारे पाणी गोळा केले आणि निव्वळ उताराच्या बळावर ते शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. वाटेत ठिकठिकाणी विटाचुन्याचे उंच मनोरे उभारले. लोक त्यांना बंबा म्हणतात. नळातील कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याची पातळी राखली जावी, यासाठी त्यांची योजना होती. तेथून खापरी नळांनी पाणी हौदांत जाई. विजेशिवाय, पंपाशिवाय हे सारे चालत असे. आज शहराची तहान भागते ती पैठणच्या जायकवाडी धरणावर. धरण खाली, शहर वर, म्हणून ते पाणी पंपांनी चढवावे लागते. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव या शहराने घेतला आहे. अशा वेळी जुना बंबा हा केवळ पडका खांब राहत नाही.

अंबरच्या खडकीत मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशा वस्त्या होत्या. मराठा सरदारांच्या नावांवरून ही नावे पडली. हबशी वजीर, मराठा सरदार, दख्खनी मुसलमान यांचे हे शहर होते, हे आपल्या मुलांना पुस्तकातून सांगता येते. पण रस्त्यावर उभे करून सांगितले तर ते त्यांच्या लक्षात राहते.

वाटेची सुरुवात दिल्ली दरवाजापासून करावी. येथवर बस येते. दरवाजाबाहेर हिमायत बाग आहे. मोगल काळापासूनची ही बाग पुढे निजामाचा शहजादा हिमायत अली खान याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जवळच सलीम अली सरोवर आहे. त्याचे जुने नाव खिजरी तलाव. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. सलीम अली (1896–1987) यांचे नाव त्याला दिले गेले. आपल्या मुलांना तलवारबहाद्दरांची नावे पाठ असतात, पण दुर्बिणीतून पाखरे पाहणारा हा माणूसही आपल्यातलाच, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

तेथून किल्ले अर्कच्या बाजूने मकाई दरवाजाकडे यावे. मक्केच्या दिशेला तोंड करून असलेला हा दरवाजा आणि त्याला लागून खामवरचा पूल. नदीपलीकडे बेगमपुरा. 1682 मध्ये औरंगजेबाने शहराला तट घातला. त्याचे दरवाजे हत्ती, घोडे, बैलगाड्या आणि पायी माणसांच्या मापाने बांधलेले आहेत. मोटारींच्या मापाने ते बांधलेले नाहीत, म्हणून आज तेथे वाहने अडकतात आणि लोक दरवाजालाच दोष देतात. पायी माणसाला मात्र हा दरवाजा कधीच अरुंद वाटत नाही.

बेगमपुऱ्यातून पुढे बीबी का मकबरा. दिलरस बानू बेगम 1657 मध्ये वारली. तिच्या या मकबऱ्याची तुलना लोक ताजमहालाशी करून मोकळे होतात. फोटो काढला की भेट संपली. खरे तर येथली चारबाग सावकाश चालण्यासाठी आहे. चौकोनी बाग, मधून पाण्याचे पाट, कारंजी, आणि चालता चालता हळूहळू मोठा होत जाणारा घुमट. दरवाजावरील लेखात बादशहाच्या कौतुकाऐवजी बांधणाऱ्यांची नावे आढळतात. शिल्पकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. एका दारावर ही दोन नावे शेजारी शेजारी आहेत. 1660–61 सालची ही नोंद आजच्या दिवसांत मुद्दाम थांबून वाचावी अशी आहे.

परतताना महमूद दरवाजापाशी पाणचक्की लागते. येथे बाबा शाह मुसाफिर विसावले आहेत. नक्षबंदी सिलसिल्याचे हे बुजुर्ग बुखाऱ्याजवळच्या गजदवानचे. ते मजल दरमजल करीत दख्खनला आले. नावच मुसाफिर. त्यांच्या आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश यांच्या हकिकती ‘मलफूजात-ए-नक्षबंदिया’ या फार्सी ग्रंथात नोंदल्या आहेत. सायमन डिग्बी यांनी 2001 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. पुढे निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरी असलेल्या तुर्कताजखानाच्या मदतीने 1744 मध्ये पाणचक्कीचे काम झाले, असे सांगितले जाते. हर्सूलच्या बाजूने खापरी नळांतून येणारे पाणी भिंतीतून उंच चढते आणि तेथून कोसळून चक्की फिरवते. ही चक्की बाजारासाठी नव्हती. दर्ग्यात येणारे फकीर, तालिबे-इल्म आणि वाटसरू यांच्या भाकरीचे पीठ तिच्यावर दळले जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली गारवा. वक्फ म्हणजे काय, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. पाणी वाहते, चक्की फिरते, अनोळखी माणूस जेवतो आणि देणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही.

अशी ही पाच-सहा किलोमीटरची वाट. पण ती सगळीकडे सुखाची आहे असे नाही. खामच्या पात्रात वर्षानुवर्षे सांडपाणी आणि कचरा सोडला गेला. नहरींवर घरे उभी राहिली, रस्ते खोदताना नळ फुटले. 2021 च्या सुमारास खामच्या सफाईची मोहीम हाती घेतली गेली आणि काही ठिकाणी काठावर झाडे, पायवाटा दिसू लागल्या, ही समाधानाची बाब आहे. पण नदी साफ करणारे हात एकीकडे आणि कचरा टाकणारे हात दुसरीकडे, असे फार काळ चालणार नाही. ते दुसरे हात आपल्याही मोहल्ल्यातले आहेत. अंबरचे नाव घेऊन त्याचीच नहर बुजवणे याला वारशाचे प्रेम म्हणता येणार नाही.

आता बसविषयी. मराठवाड्याला बस नवी नाही. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने आपली बससेवा 27 गाड्यांनिशी सुरू केली होती. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्यात एस. टी. आली, आणि 2019 पासून शहरात स्मार्ट सिटी बस धावू लागली. हा तपशील किरकोळ वाटेल, पण आपल्या घरांत त्याला महत्त्व आहे. घरात मोटारसायकल असली तर ती कर्त्या पुरुषाच्या हाती. बायका घराबाहेर पडतात त्या दवाखान्यासाठी, बाजारासाठी, लग्नासाठी. बाग आणि नदीकाठ त्यांच्या वाट्याला येतच नाही. बसने त्यांना ही सोय दिली आहे. 2023 पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आई-मुलींनी मिळून खुलताबादला जावे, अंबरची कबर पाहावी, हेही आवाक्यातले झाले आहे.

उर्दू शाळेतली मुले ‘बाग’, ‘नहर’, ‘हौज’, ‘मुसाफिर’ हे शब्द रोज वाचतात. या शहरात त्या प्रत्येक शब्दाला पत्ता आहे. तेव्हा शाळांनी दूरच्या सहलीआधी एक सकाळ या वाटेला द्यावी. मुलांनी बंबे मोजावेत, कोणता शाबूत आहे, कोणता पडला, याची वही करावी. घरातल्या बायकांनाही सोबत घ्यावे. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा जावे. एखादा बंबा कमी भरला, तर तो कोठे गेला हे विचारण्याचा हक्क त्या मुलांना आपोआप मिळेल.