जात्याला कुलूप नाही



आज एका गाण्याचा इतिहास सांगायचा आहे. गाणं संगणकाचं आहे आणि त्याची चाल द्राक्षाच्या वेलीची. बल्गेरिया म्हणून युरोपात एक देश आहे. तिथल्या एका जुन्या लोकगीतात एक पोरगी द्राक्षाची वेल लावते आहे. सात मात्रांची चाल. चांदवड, निफाड, दिंडोरीकडे ज्यांनी बागेत शेंडा खुडायला, विरळणीला दिवस काढलेत, त्यांना शब्द न कळताही ते जवळचं वाटावं. लोकगीतच ते, त्यामुळे कवी कोण हे विचारायची सोय नाही.

या चालीवर अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी नवे शब्द बसवले. हे गृहस्थ संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे. सॉफ्टवेअर आपसात वाटून घ्यावं, कुलपात ठेवू नये, असा त्या गाण्याचा विषय. खरं सांगायचं तर गाणं फार गोड नाही आणि स्टॉलमन यांचा गळाही गाणाऱ्याचा नाही. पण जगभरच्या संगणकवाल्यांनी ते आपापल्या ढंगात म्हटलं. ओपनबीएसडी नावाची संगणकप्रणाली बनवणाऱ्यांनी तर 2001 पासून आपल्या नव्या आवृत्त्यांसोबत नवं गाणं काढायची रीतच पाडली.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला गाणं कशाला लागलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. 1980 च्या सुमाराला स्टॉलमन एमआयटी या अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेत काम करत होते. तिथं सगळ्यांत मिळून एक प्रिंटर होता. माणूस आपल्या जागेवर कागदाची वाट बघत बसायचा आणि तिकडे कागद अडकून यंत्र कधीचं बंद पडलेलं असायचं. जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः एक सोय केली होती. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संगणकावर निरोप जायचा, मग कुणीतरी उठून तो मोकळा करायचं. नव्या यंत्रातही तेच करायचं होतं. पण त्यासाठी प्रोग्रॅमचा मूळ मजकूर लागतो आणि कंपनीने तो दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो आहे असं कळलं, म्हणून त्याच्याकडे गेले. त्यानेही नाही म्हटलं, कारण कुणालाही देणार नाही असं त्याने लिहून दिलं होतं.

मूळ मजकूर म्हणजे काय, हे काळ्या मसाल्यावरून बघा. दुकानातली पुडी आणली तर भाजी होते. पण त्यात दगडफूल किती, खोबरं किती, लवंग किती, हे पुडी सांगत नाही. तिखट झालं तर आपल्याला त्यात हात घालता येत नाही. आईने शिकवलेल्या मसाल्याचं तसं नसतं. तो घरच्या जिभेप्रमाणे कमीजास्त करता येतो, जावेला सांगता येतो, लेकीला शिकवता येतो. विकत घेतलेलं बहुतेक सॉफ्टवेअर म्हणजे बंद पुडी.

सप्टेंबर 1983 मध्ये स्टॉलमन यांनी जाहीर केलं की आपण एक अख्खी संगणकप्रणाली लिहायची आणि तिची कृती सगळ्यांना उघडी ठेवायची. तिचं नाव ग्नू. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला आणि ओळखीपाळखी नसलेले हजारो हात त्याला लागले. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. 'ओपन सोर्स' हा शब्द त्यानंतरचा, 1998 चा.

मला स्वतःला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 1989 साल. त्या वर्षी या सॉफ्टवेअरसाठी एक परवाना लिहिला गेला. मोकळ्या गोष्टीला परवाना कशाला, असं वाटेल. तर गावचं गायरान आठवा. सगळ्यांचं आहे असं नुसतं तोंडी म्हणून ते राहत नाही. सरकारी दप्तरात गायरान म्हणून नोंद असते, म्हणून ते राहतं. आणि नोंद असूनही कडेकडेने कोण कसं आत सरकतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. या परवान्याने तशीच नोंद केली. हे कुणीही वापरावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच, बदलून पुढे देणाराने तेही याच अटीवर द्यायचं. म्हणजे गायरानात गुरं सगळ्यांनी चारावीत, कुंपण कुणी घालू नये.

आता आपल्या ओवीकडे या. वापरा, आत बघा, बदला, पुढे द्या, या चारही गोष्टी आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर करत होत्या. लग्न होऊन आलेल्या पोरीने माहेरची ओवी आणायची, सासरी जोडीने दळणाऱ्या नणंदेने ती ऐकायची. भावाच्या जागी आपल्या भावाचं नाव घालायचं, गावाच्या जागी आपलं गाव, आणि तिच्याच मागे आपली एक ओवी जोडायची. कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. एकाच ओवीची वेगवेगळ्या तालुक्यांत वेगवेगळी रूपं सापडतात ती यामुळेच. बदल करणारी प्रत्येक बाई रचणारीच होती.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ओवीत विठ्ठलाचं नाव आलं, भावाचं आलं, लेकाचं आलं, रचणारीचं नाव क्वचितच आलं. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्या नसलेल्या नावांसकट ओव्याही जाऊ लागल्या. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये कितीतरी ओव्या जपल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड काढले. या कामाचे उपकार मोठे आहेत. तरी त्या पुस्तकांतली ओवी वाचताना ती कुणाच्या तोंडची, हे बहुतेक वेळा कळत नाही. आपल्या शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, मुलगा सोपानदेव स्वतः कवी, आचार्य अत्र्यांनी ती उचलून धरली आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक आलं. एवढं सगळं जुळून यावं लागलं, तेव्हा एका बाईचं नाव राहिलं.

1980 च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी वेगळ्या रीतीने काम सुरू केलं. ते आणि त्यांचे सहकारी गावोगाव बायांजवळ बसून ओव्या लिहून घेऊ लागले. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका यांचीही नोंद ठेवली. हजाराहून अधिक गावांतून 1,00,000 पेक्षा जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक पुढे त्यांना मिळाले. त्यांच्या साथीने हा साठा संगणकावर नीट लावला गेला आणि 120 तासांहून जास्त गाणं ध्वनिमुद्रित झालं. प्वातवँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. पण काम एका कपाटात अडकलं नव्हतं. 2017 पासून 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताविषयीचा लोकांचा संग्रह, त्या ओव्या लोकांसाठी खुल्या करू लागला. ओवी ऐकायला मिळते, अर्थ मिळतो आणि गाणारी बाई कोण हेही कळतं.

नावाचा मुद्दा चांदवडला नवा नाही. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन इथंच भरलं होतं. राज्यभरातून शेतकरी बाया आल्या होत्या. आपल्यातल्या काही मावशींनी ते पाहिलंही असेल. त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशींच्या संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची. शेतात राबणारी बाई आणि सात-बाऱ्यावर नाव भलत्याचं, हा तो प्रश्न होता. ओवीचंही तेच झालेलं आहे. रचली बायांनी, आणि उद्या कुणी ती चालीसकट उचलून आपल्या नावावर कॅसेट काढली तर तक्रार करायला कागद कुठे आहे?

म्हणून आपल्या गटांनी मुक्त सॉफ्टवेअरचं गाणं रचायला घेतलं, तेव्हा पहिली वही काढली ती नावांची. ओळ सुचवली कुणी, बदलली कुणी, सगळं लिहायचं. गाणं कशासाठी, तेही सांगते. गटाचा अहवाल आपण टाइप करून आणतो. एका दुकानात अक्षर सुबक दिसतं, दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याच अक्षरांची भेंडोळी. जुन्या बंदिस्त फाँटमध्ये टाइप केलेलं असलं की असं होतं. तो फाँट विकत घेतलेला नसेल तर आपलाच हिशेब आपल्याला वाचता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं तर हा त्रास नाही. त्यासाठी लोहित, मुक्त, बालू असे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर मिळतात. लिब्रेऑफिसमध्ये पत्र, हिशेबाचा तक्ता, सगळं होतं आणि ते मराठीतही आहे. आपली ही भाषणं कापून-जोडून तयार करायला ऑडॅसिटी आहे, 2000 सालापासूनचं, तेही असंच मोकळं. ही सॉफ्टवेअरं चालवायला चोरीची प्रत लागत नाही. शिकलेली पोरगी ती दुसरीला उघडपणे देऊ शकते.

त्यातल्या मराठीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. संगणकाच्या मराठीत कुठेकुठे 'धारिका', 'संचयिका' असे शब्द घातलेत. आपण सगळ्या 'फाइल'च म्हणतो. पण इथं तक्रार करून थांबायचं कारण नाही, शब्द सुचवायची वाट उघडी आहे. हे भाषांतर बरंचसं तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांनीच केलेलं आहे.

तर गाणं. चाल जात्याचीच ठेवली, ती सगळ्यांच्या गळ्यात आहे. पहिल्या ओवीचा शेवट सुरुवातीला 'जात्याला गं मोल न्हाई' असा होता. ऐकायला बरा होता. पण एका आजीने हात वर केला. म्हणाली, मोल नाही कसं? घडवणाऱ्याने पैसे घेतले, वर्षाला टाकी लावायला येणारा घेतो. फुकट म्हणून सांगाल तर लोक फुकटाचीच किंमत करतील. त्यावर अर्धा तास वाद झाला. दोन-तीनजणींचं म्हणणं, फुकट म्हटल्याशिवाय कुणी ऐकायचं नाही.

मला आजीचं पटलं. हाच घोळ इंग्रजीत आहे. त्यांच्याकडे फुकट आणि मोकळं या दोन्हींना एकच शब्द, 'फ्री'. त्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर समजावून सांगावं लागलं की मी किमतीबद्दल बोलत नाही, मोकळीकीबद्दल बोलतो आहे. मोकळं सॉफ्टवेअर बसवून देणारा मुलगा आपल्या कष्टाचे पैसे घेईल, त्याने घ्यावेतच. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असताना आपण ते एक का करायचे? शेवटी ओवी अशी झाली:

जातं माझं दारामंदी, दळू या गं सयाबाई
पीठ जिचं तिच्या सुपी, जात्याला गं कुलूप न्हाई

'कुलूप' हा शब्द नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेचा. 'पीठ जिचं तिच्या सुपी' हे दुसऱ्या गावच्या गटाने जोडलं, आणि त्यात एक खोल गोष्ट आहे. जातं सामायिक, पण आपला अहवाल, आपला हिशेब, आपली नावं-नंबर आपलेच. सॉफ्टवेअर मोकळं म्हणजे आपली माहिती मोकळी नव्हे. ही ओळ नसती तर बायांनी तोच प्रश्न पुढे विचारला असता.

दुसरी ओवी फाँटची आहे, ती जमली. तिसरी त्या प्रिंटरवाल्याची. तिचा पहिला चरण झालाय, पण 'प्रिंटर' काही जात्याच्या ठेक्यात बसत नाही. कुणी 'छापखाना' सुचवलं, कुणी 'यंतर'. वडनेरभैरवकडच्या गटांनी दोन्ही म्हणून बघितलं, त्यांना एकही आवडलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर येत्या बैठकीला घेऊन या, आणि सांगताना आपलं नाव, गाव आणि ओळ कुणाकडून ऐकली तेही सांगा. वहीची दहा पानं अजून कोरी आहेत.